काक्का, वा!

आमच्या कॉलनीत सकाळी कुणाला घड्याळ बघावं लागत नाही. आठच्या सुमारास कमळाक्कांचा भात होतो. वाटीभर भात घेऊन त्या गच्चीवर जातात, कठड्याला पोट टेकवून उभ्या राहतात आणि रानात गुराख्याला हाळी द्यावी तशी हाळी देतात, "काक्काऽ, वा! वा वा वा वा!"

ती ऐकली की पोरं शाळेच्या गाडीकडे पळतात, नोकरीवाले पायात बूट घालतात आणि मी गिरणीचा पट्टा चढवते. नव्या माणसाला वाटतं, आसपास कुणी गाणं म्हणतंय आणि म्हातारी दाद देते आहे. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. त्या हाळीचा खरा अर्थ कळेपर्यंत एका सज्जन माणसाची बरीच शोभा झाली. पण ते पुढे सांगते.

आधी कॉलनीबद्दल. विट्याच्या बाहेर, कराडच्या रस्त्याला आमची वस्ती आहे. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायला देशभर जातात. जुने दागिने आटवायचे, त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. आम्ही त्याला गलाई म्हणतो. केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, एका बोळात विट्याकडचा कुणीतरी भट्टीपुढे बसलेला सापडतोच. वय झालं की ही माणसं परत येतात. गावातल्या घरात तोवर भावकीने पाय पसरलेले असतात, म्हणून गावाबाहेर प्लॉट घेऊन बंगला बांधतात. बंगल्याला नाव गावच्या देवाचं देतात, आणि आत राहतं मात्र भलतंच शहर.

माझी पिठाची गिरणी असल्यामुळे मला हे लवकर कळलं. डब्याचं झाकण उघडलं की मी सांगते हे घर कुठून आलं. पाटण्याचे लोक भाजलेले चणे आणतात, सत्तूला. अमृतसरवाले मका आणतात. कलकत्त्याच्या घरातला डबा गव्हाचाच असतो, पण त्याला मोहरीच्या तेलाचा वास असतो. आणि तांदूळ भरड दळायला आणणारं घर एकच, कमळाक्कांचं. ते तमिळनाडूतल्या सेलमचं.

"पीठ कशाला हवंय? इडलीला?" पहिल्यांदा मी विचारलं होतं.

"इडलीला कोन कोरडं दळतंय? रांगोळीला."

"तांदळाची रांगोळी? मुंग्या खातात की."

"खाऊ द्या की. त्येंचं प्वाट भरतंय, आपलं दार सजतंय. दगडाची पूड टाकून मुंगीला फसवायचं, ह्यो कुठला धरम, सुनंदा?"

तांदळावर गहू दळला की लोकांच्या चपात्या तुटतात आणि बोलणी मी खाते. म्हणून मी त्यांना सगळ्यांत शेवटी या म्हणायची. त्या मात्र सगळ्यांत आधी यायच्या आणि शेवटपर्यंत पोत्यावर बसून राहायच्या. एवढा वेळ एकत्र काढल्यावर ओळख होणारच.

कमळाक्का मूळच्या वडूजच्या पलीकडच्या एका कोरड्या गावच्या. लग्न होऊन नानांबरोबर सेलमला गेल्या आणि म्हाताऱ्या होऊन परत आल्या. जाताना होती ती मराठी त्यांनी ट्रंकेत घालून नेली आणि घडी न मोडता परत आणली. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' बोलायचं. कपाटाला फडताळ, मोटरसायकलला फटफटी. माझ्या मुलीला कितीतरी दिवस फडताळ हा तमिळ शब्द वाटत होता. उलट 'सरी' हा मराठी वाटायचा. 'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. आक्का दर दोन वाक्यांमागे 'सरी सरी' म्हणायच्या आणि आमचे हे आतून विचारायचे, "ऊस लावायचाय का कुठं?"

त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या सेलमला' इथून सुरू होई. आमच्या सेलमला आंबा असा. आमच्या सेलमला मोगरा तसा, हातभर गजरा. आमच्या सेलमला दूध किती घट्ट. सांगली जिल्ह्यात बसून दुधाला नाव ठेवायला धाडस लागतं, आणि आक्कांनी ते धाडस दूध घालणाऱ्याच्या तोंडावर केलं. तो दोन दिवस आलाच नाही. आक्का म्हणाल्या, "पोदुम." म्हणजे पुरे झालं. आणि काळी कॉफी पिऊन दाखवली.

कॉलनीत त्यांना पाठीमागे मद्राशीण म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. त्या म्हणाल्या, "तिकडं मला मराठी अम्मा म्हनायची. जिकडं जाईल तिकडं मी पल्याडचीच."

नाना त्यांच्या उलट, अबोल. सेलममध्ये असताना म्हणे त्यांनी एकच ध्यास घेतला होता, गावाकडं जायचं. बंगला त्यांच्याच हट्टाने बांधला. इथं आल्यावर मात्र ते रोज संध्याकाळी कराड रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. तमिळ पाटीचा ट्रक दिसला की आडवा हात करायचे. ड्रायव्हरला वाटायचं, तपासणी आली. तो कागद काढायचा आणि नाना त्याला चहा पाजायचे. मग दोघं ढाब्यावर बसून मोठमोठ्याने तमिळ बोलायचे. अबोल नानांचा आवाज एवढा मोठा आहे, हे आम्हाला त्या ढाब्यावरून कळलं. वर्षभरात नाना आजारी पडले आणि गेले.

त्यानंतर काही दिवसांनी ती हाळी सुरू झाली. "काक्काऽ, वा!"

आता ते सज्जन गृहस्थ. आक्कांच्या समोरच्या बंगल्यात सुभेदार साळुंखे राहतात. फौजेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, दोन्ही मुली सासरी. कॉलनीचे सेक्रेटरी तेच. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना काका म्हणतात. आणि काका रोज सकाळी, आठच्या सुमारास, गच्चीवर जोर-बैठका काढतात.

पहिल्या दिवशी हाळी आली तेव्हा ते अर्ध्या बैठकेत होते. तसेच थांबले. समोर बघितलं. आक्का त्यांच्याच दिशेला तोंड करून म्हणत होत्या, काका, वा! वा वा! दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा बनियन धुतलेला होता. तिसऱ्या दिवशी नवा. महिन्याभरात मिशा काळ्या झाल्या.

एके दिवशी ज्वारी घेऊन गिरणीत आले. डबा ठेवला, पण जाईनात.

"वैनी, त्या सेलमच्या बाई लय गुणग्राहक हायत."

"कशावरून?"

"फौजेत सारी उमर काढली, कुणी वा म्हनलं न्हाई. लय झालं तर 'ठीक है'. ती वरची पायरी. आनि ह्या बाई रोज सकाळी दाद देत्यात. उघड्यावर. कुणाची भीड न्हाई."

"बरं आहे की."

"बरं हाय, पन गुडघा सुजलाय." त्यांनी विजार वर करून पट्टा दाखवला. "बैठका वाढवल्या. आता थांबता येईना. समोरचं मानूस वा वा करतंय आनि आपन खुर्चीत बसायचं, बरं दिसतं का ते?"

मला शंका आली होती. पण माझ्याकडे लग्नसराईचं दळण होतं आणि दुसऱ्याच्या गुडघ्यात मी लक्ष घालत नाही.

आपल्याला मिळालेल्या दादेची पोच द्यायला हवी, असं सुभेदारांना कधीतरी वाटलं असणार. एका सकाळी हाळी संपल्यावर ते गच्चीच्या कडेला आले, दोन्ही हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "थँक्यू, आक्का."

आक्कांनी वाटी खाली ठेवली.

"कशाबद्दल?"

"रोज वा वा म्हनताय त्याबद्दल."

"आवं, तुमाला न्हाई. कावळ्याला." आक्कांचा आवाज मुळातच हळू येत नाही. "काक्का म्हंजे कावळा. वा म्हंजे ये. मी आपली कावळ्याला ये ये म्हनतोय आनि तुमी तिथं उड्या मारून त्येला बुजवताय. मी रोज बघतोय, ह्या मानसाला झालंय काय ह्या वयात."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. पाटणावाल्या बाईंच्या हातातला तवा खाली पडल्याचा आवाज मी गिरणीत बसून ऐकला. सुभेदारांनी जोडलेले हात सोडवले, टॉवेल उचलला आणि आत गेले. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या बैठका खोलीत चालल्या, दार लावून.

त्यानंतर कॉलनीची बैठक लागली यात नवल नाही. विषय, कावळ्यांचा उपद्रव. गणपतीच्या शेडमध्ये आम्ही सगळे बसलो. सुभेदार कागद समोर धरून बोलत होते, पण आक्कांकडे बघत नव्हते.

"कावळं हाडकं आनून टाकीत टाकत्यात. सोलरच्या नळीवर घाण. वाळवनाचं दिवस हायत."

हे खरं होतं. माझ्या गच्चीवरच्या अर्ध्या कुरडया कावळ्यांनी नेल्या होत्या आणि मी ते बैठकीत सांगितलं. पण खरा मुद्दा पाटणावाल्या बाईंनी काढला.

"आपल्यात कावळ्याला घास कधी ठेवतात हो? पित्राला, न्हाईतर दहाव्याला. ह्यांची हाळी आली की रोज सकाळी माझ्या काळजात धस्स होतं. आज कोण?"

सगळे आक्कांकडे बघायला लागले. आक्कांनी पदर सारखा केला.

"आमच्या सेलमला रोज घालत्यात. घरोघरी. कावळा जेवल्याबिगर तिथं मानूस जेवत न्हाई. म्हून काय तिथं रोज मढी पडत न्हाईत. तिकडची रीत हाय ती, मी तिकडनं आलो, मी करनार."

"पन आता तुमी हिकडं हाय," सुभेदार कागदाकडे बघत म्हणाले.

"व्हय. आनि मला हितं मद्राशीन म्हनत्यात. मग मद्राशिनीनं मद्राशिनीवानी करू ने?"

उत्तर नसलं की हात वर करायला सांगतात. बहुतेकांनी केले, मीही केला. ठरलं असं की पाडव्यापासून गच्चीवर कावळ्यांना अन्न घालायचं नाही. सुभेदारांनी विचारलं, "आक्का, मान्य हाय?"

"सरी," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्याचा अर्थ 'बरं' असाच होतो की 'बरं, बघते', ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी हाळी आधीपेक्षा मोठी आली.

पाडव्याच्या आधल्या आठवड्यात आक्कांचा मुलगा बाळू सेलमहून आला. दुकान आता तोच बघतो. जन्म तिकडचा, त्यामुळे त्याची मराठी खडे निवडायच्या आधीच्या तांदळासारखी आहे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिकडच्याच एका गलाईवाल्याच्या घरात, आणि तो आईला न्यायला आला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो गिरणीत येऊन उभा राहिला.

"ताई, आईला तुमी सांगा. माझा ऐकत नाई."

"काय झालं?"

"लग्नाला येत नाई म्हणते. नातीचा लग्न, ताई. पोरगी तिकडं रडते, आज्जी पाहिजे म्हणून. आई म्हणते, तुमी करा, माझा आशीर्वाद घ्या."

मला हे कळेना. उठता-बसता आमच्या सेलमला, आमच्या सेलमला करणारी बाई, आणि सेलमहून गाडी दारात आल्यावर पाय घट्ट रोवून बसली. कॉलनीत तेवढ्यात कळलंच होतं. लोक म्हणत होते, सुनेशी पटत नसेल. सून दिवसातून दोनदा फोन करून आक्कांना रश्श्याचं प्रमाण विचारते, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. तेव्हा ते कारण नव्हतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात आठ वाजले असावेत. गच्चीवरून हाळी आली. बाळू दारात गेला, वर बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"ताई, हे काय करते आई?"

"कावळ्यांना भात. तुमच्याकडची रीत ना?"

"तिकडची आहे. आमच्या घरची नाई. आमच्या शेजारची मामी रोज घालायची. आई तिला हसायची. म्हणायची, 'तुमच्यात रोजच दहावा व्हय गं?'"

पाटणावाल्या बाईंनी बैठकीत जे विचारलं, तेच. मी चक्की बंद केली. तांदळाच्या पिठाचा डबा तयार होता, तो उचलला आणि आक्कांच्या घरी गेले. आडून आडून विचारणं मला जमत नाही.

आक्का स्वयंपाकघरात पितळी फिल्टरमध्ये कॉफी दाबत होत्या.

"आक्का, सेलमला तुम्ही कावळ्यांना घालत नव्हता म्हणे."

"बाळूनं सांगितलं व्हय. त्येचं तोंड लय सैल, बापावर न्हाई गेला." त्यांनी उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तू हुतीस की संगमावर. त्येंच्या दहाव्याला."

मी होते. कॉलनीतून गाडी केली होती. कराडला संगमावर पिंड ठेवला, सगळे मागे सरले आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर चांगले बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण उतरत नव्हते. अशा वेळी मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ती ओळखून बोलायची असते. नानांचे भाऊ म्हणाले, वाटणी करून देतो, ये. बाळू म्हणाला, आईला नीट बघतो, ये. सुभेदारांनीही पुढे होऊन खडखडीत आवाजात सांगितलं होतं, नाना, गणपतीच्या शेडला तुमच्या नावानं पंखा लावतो, या. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. अशा गोष्टी होतात. मी दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली.

"समद्यांनी मराठीत बोलावलं," आक्का म्हणाल्या. "त्येंला मराठी कुठं उरली हुती? दवाखान्यात शेवटचं चार दिस निस्तं तमिळ. तन्नी तन्नी करायचं. नर्स म्हनायची, आजी, कुनाला हाक मारत्यात हे? पानी मागत्यात, म्हनून मी सांगायचो. मला इचारायचं, वीट्टुक्कु कवा जायाचं? म्हंजे घरी. मी म्हनायचो, जाऊ की, हे काय, विटा हितनं जवळच. तर म्हनायचं, त्ये घर न्हाई."

कॉफी थेंब थेंब गळत होती. त्या तिकडेच बघत होत्या.

"संगमावर मला कळलं हुतं. माज्या अगदी व्हटावर आलं हुतं, वा म्हनून. एकदा म्हनायचं, बास. पन तुमी समदी मागं उभी. भावकी हुती, गाव हुतं. म्हनलं, भर घाटावर तमिळ बोललो तर हसतील. मद्राशीन म्हनतील. लाजलो." त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "आता न्हाई लाजत. आता काय म्हनायचं ते म्हना."

मी कॉफी घेतली. कडू होती, नेहमीसारखी.

"पण आता येतात की रोज," मी म्हटलं.

"येत्यात, खात्यात. त्यातलं आपलं कंचं त्ये कसं वळखू? म्हून समद्यांनाच घालतो."

"आणि लग्न?"

"जायाला मला काय नको झालंय व्हय? जीव तुटतोय. त्या पोरीला मी न्हाऊ-माखू घातलंय." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला. "पन मी गेलो तर त्येंला तमिळमदी हाक मारनारं हितं दुसरं कोन हाय, सुनंदा?"

मी घरी न जाता समोर सुभेदारांच्या दारात गेले. अंगावर पीठ होतं ते तसंच. त्यांना जे ऐकलं ते सरळ सांगितलं, माझ्या पदरचं काही न घालता. ते खुर्चीत बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्यो पंखा लावायचा ऱ्हायलाच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आक्कांच्या फाटकात उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ.

"आक्का, तुमी लग्नाला जावा. ही ड्युटी मी करतो."

आक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला जमायचं न्हाई. तुमी काका म्हनाल."

"शिकवा की."

"आनि बैठका?"

"त्या खोलीत काढतो."

मग आक्कांच्या गच्चीवर शिकवणी झाली. सगळ्या गल्लीने ऐकली, कारण दोघांचेही आवाज तसलेच.

"काका, वा."

"न्हाई. तुमी माज्या दिराला बोलावताय का? काक्का. क्का. घसा आवळा."

"काक्खा."

"आवं, खोकू नका. काक्का."

"काक्का."

"सरी. आता वा. वा वा म्हनताना हात असा करा, बोलावल्यावानी. आनि मया करून म्हना, परेडला उभं केल्यावानी नको."

दोन दिवसांनी आक्का बाळूबरोबर सेलमला गेल्या. जाताना मला डबा देऊन गेल्या, तांदूळ निवडून ठेवलेले. सुभेदारांना रोज थोडे द्यायचे. "त्येला मोजून दे. फौजेतला मानूस हाय, पलटनीचा शिजवंल."

पहिल्या सकाळी सुभेदारांचा भात लागला होता, हे वासावरून कळलं. ते आपल्या गच्चीवर आले. वाटी ठेवली. छाती भरून घेतली आणि हाक दिली. आक्कांच्या गच्चीवरचेच नव्हे, सबंध गल्लीतले कावळे उडाले ते ढाब्यापलीकडे गेले. सुभेदारांनी रिकाम्या आभाळाकडे बघितलं. खिशातून फोन काढला, आक्कांना लावला. लग्नघरातली पिपाणी इथवर ऐकू येत होती. त्या आवाजात काय बोलणं झालं ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकतंय का ते. मी गिरणीच्या दारातून बाजूला झाले. मग त्यांचा आवाज आला. सुभेदारांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात पाळण्याशी बोलावं तसा.

"काक्का, वा. वा वा."

बऱ्याच वेळाने एक उतरला. मग दुसरा.

पाडवा आला आणि गेला. ठरावाची आठवण कुणी काढली नाही, मी वाळवणावर जाळी टाकायला लागले. गणपतीच्या शेडमध्ये पंखा लागला, त्यावर नानांचं नाव आहे. लग्न आटोपून आक्का परत आल्या, नातीचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले, आणि 'आमच्या सेलमला' पुन्हा सुरू झालं. सुभेदारांनी ड्युटी सोडली नाही. आता दोन गच्च्यांवरून दोन हाळ्या येतात. आक्का अजून त्यांचा 'क्का' सुधारतात आणि तो अजून सुधारलेला नाही.

परवा शेवटच्या प्लॉटवर गुवाहाटीहून एक कुटुंब राहायला आलं. बाई दळण घेऊन आल्या. डब्यात तांदूळ होते, मी मनात म्हटलं, चला, अजून एक शेवटी बसवायची. इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली करून विचारलं, "वहिनी, ते समोरच्या गच्चीवरचे काका रोज सकाळी उठून स्वतःलाच 'काका, वा वा' का म्हणतात हो?"

मी पट्टा चढवला.

"म्हणू द्या," म्हटलं. "घरात दुसरं कोण आहे म्हणायला?"